परीक्षेच्या पलीकडचे विद्यापीठ : सर आशुतोष मुखर्जी

(द्वितीय वर्ष, कला)

कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही आपल्या देशातील पहिली तीन आधुनिक विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली. तिन्हींची घडण त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर केलेली होती. आज आश्चर्य वाटेल, पण ही विद्यापीठे कोणाला काही शिकवीत नसत. शिकवण्याचे काम कॉलेजांचे. विद्यापीठाने अभ्यासक्रम आखायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. एखाददुसरे व्याख्यानपद सोडले, तर विद्यापीठाला स्वतःचा प्राध्यापक नव्हता, वर्ग नव्हता, प्रयोगशाळा नव्हती. होती ती एक कचेरी, एक सभागृह आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे.

कॉलेजात आलेली आमच्या घरातली मी पहिलीच. माझ्या वडिलांच्या मते विद्यापीठ म्हणजे जिथून निकाल लागतो ते ठिकाण. त्यांना मी कसे चुकीचे ठरवू? या दोन वर्षांत माझाही विद्यापीठाशी संबंध आला तो प्रवेशपत्र, बैठक क्रमांक आणि गुणपत्रिका यांच्यापुरताच. त्यामुळे आमच्या इतिहासाच्या अभ्यासात सॅडलर आयोगावर टीप तयार करताना त्या आयोगाच्या सभासदांत आशुतोष मुखर्जी हे नाव दिसले आणि या गृहस्थांनी परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाला शिकवायला लावले असे एका ओळीत वाचले, तेव्हा ती ओळ मला तेथेच सोडवेना. ग्रंथालयात मिळेल ते वाचीत गेले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

आशुतोषांचा जन्म २९ जून १८६४ रोजी कलकत्त्यात झाला. वडील गंगाप्रसाद हे डॉक्टर होते. घराणे मूळचे हुगळी जिल्ह्यातील जिराट गावचे. गंगाप्रसादांनी गरिबीतून वर येऊन शिक्षण घेतले होते आणि भवानीपूर भागात दवाखाना थाटला होता. सामान्य माणसाला कळावे म्हणून वैद्यकावरची पुस्तके त्यांनी बंगालीत लिहिली. मुलाच्या अभ्यासावर त्यांची करडी नजर असे. लहानपणी एका पुस्तकांच्या दुकानात ईश्वरचंद्र विद्यासागरांची गाठ पडली आणि त्यांनी या मुलाला रॉबिन्सन क्रूसोची एक प्रत भेट दिली, असे चरित्रकार सांगतात. ही भेट त्या मुलाला जन्मभर पुरली असावी, कारण पुढे त्यांनी जमवलेल्या पुस्तकांची संख्या ऐंशी हजारांच्या घरात गेली. तो संग्रह आज कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

१८७९ साली ते प्रवेश परीक्षेत दुसरे आले आणि पुढच्या वर्षी प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. गणित हा त्यांचा प्राण होता. युक्लिडच्या एका सिद्धान्ताची त्यांनी नवी सिद्धता दिली आणि ती इंग्लंडमधील गणिताच्या मासिकात छापून आली, तेव्हा ते कॉलेजात नुकतेच पाऊल टाकलेले विद्यार्थी होते. १८८४ मध्ये बी. ए. ला पहिले, १८८५ मध्ये गणितात एम. ए., १८८६ मध्ये पदार्थविज्ञानात पुन्हा एम. ए. कलकत्ता विद्यापीठात दोनदा एम. ए. झालेले ते पहिले विद्यार्थी. त्याच वर्षी त्यांना प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली. हे प्रेमचंद म्हणजे मुंबईचे प्रसिद्ध कापूस व्यापारी. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला आणि ज्यांच्या आईचे नाव त्याला मिळाले, तेच. १८६६ साली त्यांनी कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख रुपये दिले होते. मुंबईच्या कापसाचा पैसा कलकत्त्याच्या एका गणितज्ञाच्या कामी आला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही.

येथपर्यंतचे चरित्र हुशार विद्यार्थ्याच्या चरित्रासारखेच आहे. माझ्या मते खरी गोष्ट यापुढे सुरू होते. देशातला हा एवढा मोठा गणिती एम. ए. झाला. आता त्याने गणित करायचे कोठे आणि शिकवायचे कोठे? सरकारी शिक्षण खात्याने त्यांना नोकरी देऊ केली होती. आशुतोषांची अट अशी होती की, युरोपियन प्राध्यापकांना जो दर्जा आणि पगार मिळतो तोच मिळावा आणि प्रेसिडेन्सी कॉलेजातच ठेवावे. ती मान्य होण्यासारखी नव्हती. मग राहिले विद्यापीठ. त्या वेळी गुरुदास बॅनर्जी हे कुलगुरू होते. कलकत्ता विद्यापीठाचे ते पहिले भारतीय कुलगुरू. या तरुणासाठी गणिताचे एक प्राध्यापकपद निर्माण करावे म्हणून त्यांनी निधी उभारण्याची खटपट केली; परंतु पैसा जमला नाही. हजारो मुलांच्या परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाला एक गणिताचा शिक्षक ठेवणे परवडले नाही!

आशुतोष वकिलीकडे वळले. रासबिहारी घोष या नामांकित वकिलांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली, १८९४ मध्ये कायद्यातील डॉक्टरेट मिळवली आणि १९०४ मध्ये कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. एखाद्याला वाटेल, यापेक्षा आणखी काय हवे? पण त्यांचे मन विद्यापीठात अडकलेले होते. वयाच्या पंचविशीच्या आतच, १८८९ साली, ते विद्यापीठाच्या सिनेटवर आणि सिंडिकेटवर आले होते. दिवसभर कोर्ट आणि सायंकाळी सिनेट हाउस असा त्यांचा क्रम सुरू झाला, तो मरेपर्यंत सुटला नाही.

१८९१ साली त्यांनी एक ठराव मांडला. विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांत बंगालीसारख्या देशी भाषांना स्थान द्यावे, एवढीच मागणी होती. ठराव नामंजूर झाला. त्याला विरोध करणाऱ्यांत बंगाली माणसेच पुष्कळ होती. आपली भाषा उच्च शिक्षणाला पुरी पडणार नाही, असे तेव्हाच्या शिकलेल्या लोकांना प्रामाणिकपणे वाटत असे. आशुतोष वाद घालीत बसले नाहीत. त्यांनी वाट पाहिली. अठ्ठावीस वर्षांनी, १९१९ मध्ये, त्याच विद्यापीठात देशी भाषांमध्ये एम. ए. करण्याची सोय झाली आणि ती त्यांनीच घडवून आणली. त्यांचा मुलगा श्यामाप्रसाद बी. ए. ला इंग्रजीत पहिला आला होता. त्याला त्यांनी एम. ए. ला बंगाली घ्यायला लावले. जे लोकांच्या मुलांना सांगायचे ते आधी आपल्या मुलाला सांगायचे, ही त्यांची रीत मला फार मोलाची वाटते.

लॉर्ड कर्झनने १९०४ साली विद्यापीठांचा कायदा आणला. सिनेटवर सरकारने नेमलेल्या सभासदांचे बहुमत राहावे, नव्या कॉलेजांवर निर्बंध यावेत, असा त्याचा रोख होता. मध्यवर्ती कायदेमंडळात आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी या बिलाला कडाडून विरोध केला. आशुतोषही त्या वेळी त्याच मंडळात होते आणि त्यांनीही बिलावर टीका केली. पण कायदा झालाच. बाकीचे लोक त्याच्यावर संतापून बाजूला झाले असताना आशुतोषांनी तो बारकाईने वाचला. त्यात एक कलम असे होते की, विद्यापीठाला स्वतःचे प्राध्यापक आणि व्याख्याते नेमता येतील, प्रयोगशाळा आणि ग्रंथालये उभारता येतील. सरकारच्या दृष्टीने ते शोभेचे कलम असावे. ते अमलात आणायला पैसा द्यावा असे कोणाच्या मनात नव्हते. १९०६ साली आशुतोष कुलगुरू झाले आणि त्या कलमाला त्यांनी हात घातला.

१९०६ ते १९१४ अशी सलग आठ वर्षे आणि पुन्हा १९२१ ते १९२३ अशी दोन वर्षे ते कुलगुरू होते. या कामाला पगार नव्हता. न्यायाधीशाचे पूर्ण काम करून ते विद्यापीठ चालवीत. १९०९ मध्ये विद्यापीठाचे स्वतःचे लॉ कॉलेज निघाले. अर्थशास्त्र, गणित, तत्त्वज्ञान, प्राचीन भारतीय इतिहास या विषयांची प्राध्यापकपदे निर्माण झाली. त्यांतल्या काहींना व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची नावे दिलेली होती. हार्डिंज, मिंटो, कारमायकेल ही नावे ऐकून पुष्कळ लोक नाक मुरडीत. परंतु नाव साहेबाचे आणि काम आपल्या माणसाचे, असा तो सौदा होता.

मोठा प्रश्न विज्ञानाचा होता, कारण त्याला पैसा लागतो. सरकार देईना. तेव्हा देशी माणसे पुढे आली. बॅरिस्टर तारकनाथ पालित यांनी १९१२ मध्ये जमीन आणि रोकड मिळून सुमारे पंधरा लाखांची देणगी दिली. आशुतोषांचे वकिलीतले गुरू रासबिहारी घोष यांनी १९१३ मध्ये दहा लाख दिले. या पैशातून नेमायचे प्राध्यापक भारतीयच असले पाहिजेत, अशी देणगीदारांची अट होती. २७ मार्च १९१४ रोजी विज्ञान महाविद्यालयाचा पाया घातला गेला. गुरुदास बॅनर्जींना वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जे एका पदासाठी जमले नव्हते, ते त्याच शहरात आता अनेक पदांसाठी जमले. मधल्या काळात एवढा फरक कशाने पडला? स्वदेशीच्या चळवळीने लोकांची मने तयार केली होती, हे खरेच. पण पैसे देणाऱ्याला आपला पैसा सुरक्षित हाती पडतो आहे असा विश्वास लागतो, आणि तो आशुतोषांनी कमावला होता.

इमारत उभी राहिली म्हणजे विद्यापीठ उभे राहिले असे होत नाही. आशुतोषांची खरी कर्तबगारी माणसे शोधण्यात होती, आणि चरित्राच्या या भागाशी मी सर्वांत जास्त रेंगाळले. चंद्रशेखर व्यंकट रामन हे तेव्हा सरकारच्या अर्थखात्यात मोठे अधिकारी होते. कचेरीच्या आधी आणि नंतर ते बहूबाजारातील एका संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करीत. आशुतोषांनी त्यांना पालित प्राध्यापकपद देऊ केले. पगार बराच कमी होता. शिवाय या पदावरील माणसाने परदेशात प्रशिक्षण घ्यावे अशी अट होती आणि रामन त्याला तयार नव्हते. आशुतोषांनी अटीतून मार्ग काढला. रामन १९१७ मध्ये सरकारी नोकरी सोडून आले. १९३० साली ज्या शोधासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तो शोध १९२८ मध्ये कलकत्त्यातच, ते या पदावर असताना लागला. प्रफुल्लचंद्र राय रसायनशास्त्राला आले. १९२१ मध्ये म्हैसूरहून सर्वपल्ली राधाकृष्णन तत्त्वज्ञानाला आले. तेव्हा ते जेमतेम तेहेतीस वर्षांचे होते.

आपल्या महाराष्ट्रातूनही एक माणूस तेथे गेला. मालवणला जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झालेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर आपल्याला माहीत आहेत. त्यांचे चिरंजीव देवदत्त रामकृष्ण भांडारकर पुण्यात पुरातत्त्व खात्यात होते. १९१७ मध्ये आशुतोषांनी त्यांना प्राचीन भारतीय इतिहासाचे कारमायकेल प्राध्यापक म्हणून बोलावले. १९३६ पर्यंत ते तेथे होते. अशोकावरचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ म्हणजे तेथे दिलेली व्याख्यानेच होत. तामिळ, तेलुगू, मराठी, बंगाली अशी माणसे एका विद्यापीठात जमवताना या माणसाने प्रांत पाहिला नाही. हे आज लिहायला सोपे आहे. त्या काळी स्थानिक लोकांची तक्रार पदरात घेऊन ते करावे लागे.

पण या सगळ्या थोर नावांपेक्षा मला जवळची वाटली ती मेघनाद साहांची गोष्ट. ढाक्याजवळच्या शेवडातली या खेड्यात त्यांच्या वडिलांचे किराणा मालाचे लहानसे दुकान होते. शिकवायची ऐपत नव्हती. एका डॉक्टरांच्या घरी राहून, घरकाम करून ते शाळा शिकले. कलकत्त्याला हॉस्टेलवर आले तेव्हा जातीवरून वरच्या जातीच्या मुलांनी त्यांच्यासोबत जेवायला नकार दिला. १९१५ साली एम. एस्‌सी. ला सत्येंद्रनाथ बोस पहिले आले आणि साहा दुसरे. हे दोघे तरुण आशुतोषांकडे गेले आणि आधुनिक पदार्थविज्ञान शिकवायची आमची तयारी आहे असे त्यांनी सांगितले. अनुभव नाही, वय बावीस-तेवीस, आणि विषय असा की ज्याची पुस्तकेही हिंदुस्थानात मिळत नव्हती. पहिले महायुद्ध चालू होते. जर्मनीहून काही येणे शक्य नव्हते. आशुतोषांनी त्यांना तयारीसाठी शिष्यवृत्ती दिली आणि नंतर व्याख्याते म्हणून घेतले. शिबपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातील एका जर्मनभाषी प्राध्यापकांकडून त्यांनी पुस्तके मिळवली, जर्मन वाचले आणि स्वतः शिकत शिकत मुलांना शिकवले. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवरील निबंधांचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९२० मध्ये कलकत्ता विद्यापीठानेच छापले. त्याच वर्षी साहांनी ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान आणि घटक समजून घेण्याचे जे समीकरण मांडले, ते आज जगभर त्यांच्या नावाने ओळखले जाते.

दुकानदाराच्या त्या मुलाला परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाने फार तर एक प्रमाणपत्र दिले असते. शिकवणाऱ्या विद्यापीठाने त्याला खडू, फळा आणि काम दिले. आशुतोषांच्या साऱ्या खटाटोपाचा अर्थ मला या एका उदाहरणात दिसतो. स्वतः त्यांना पंचविशीत जे मिळाले नाही, ते त्यांनी दुसऱ्याच्या पंचविशीत दिले.

१९१७ मध्ये कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचे पदव्युत्तर शिक्षण विद्यापीठाने आपल्याकडे घेतले. आशुतोष तेव्हा कुलगुरू नव्हते, पण या विभागांचे अध्यक्ष तेच होते. पाली, मानववंशशास्त्र, प्रायोगिक मानसशास्त्र असे विषय देशात प्रथमच नीट शिकवले जाऊ लागले. मुंबई विद्यापीठाने आपला पहिला पदव्युत्तर विभाग अर्थशास्त्र आणि समाजशास्त्रासाठी काढला तो १९१९ मध्ये. यावरून कलकत्ता किती पुढे होते याची कल्पना येईल.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हे चरित्र आरतीसारखे होईल. आशुतोषांवर त्यांच्या हयातीतच कडक टीका झाली, आणि ती करणारे लोक लहान नव्हते. इतिहासकार जदुनाथ सरकार त्यांत होते. टीकेचा आशय असा की, आशुतोषांनी परीक्षा सोप्या केल्या, मॅट्रिकपासून सर्वत्र उत्तीर्णांचे प्रमाण भरमसाट वाढवले, पदवीची किंमत घसरवली. आणि बोटांवर मोजण्याइतके विद्यार्थी असलेले विषय काढून त्यांवर माणसे नेमली, त्यांत आपली माणसे घातली. सिनेटमध्ये त्यांचा शब्द चाले आणि विरोध त्यांना सहन होत नसे, असेही म्हटले जाई. बंगालचा वाघ हे नाव काहींनी कौतुकाने घेतले, काहींनी भीतीने.

या टीकेतील पहिला भाग वाचताना मी थांबले. फार मुले आली की शिक्षणाचा दर्जा जातो, हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत आजही ऐकू येते. त्या फार मुलांत आपण मोडतो, हे माझ्यासारखीला लगेच कळते. दरवाजा अरुंद ठेवला असता तर साहा आत आले असते, कारण ते असामान्य होते. पण सगळे साहा नसतात. मध्यम बुद्धीच्या, घरी कोणी शिकलेले नसलेल्या मुलाला दोन पायऱ्या चढायला मिळाल्या तर तिसऱ्या पायरीवर त्याची मुले उभी राहतात. आशुतोषांना हे दिसत होते, असे मला वाटते. तरीही टीकाकारांचे म्हणणे सगळे फेकून देता येत नाही. नुसता दरवाजा उघडून आत शिक्षकच नसेल, तर आत घेतलेल्या मुलाचीही ती फसवणूकच आहे. साहांचे उदाहरण देऊन त्या फसवणुकीवर पांघरूण घालता येणार नाही.

आणि नेमके हेच सॅडलर आयोगाला आढळले. लीड्स विद्यापीठाचे कुलगुरू मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखाली १९१७ मध्ये हा आयोग नेमला गेला. शेकडो शिक्षकांची आणि नागरिकांची मते मागवून त्याने १९१९ मध्ये तेरा खंडांचा अहवाल दिला. बंगालमध्ये विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांची संख्या तेव्हा सव्वीस हजारांच्या आसपास होती, म्हणजे जवळजवळ सबंध ब्रिटनमधल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांइतकी. एकाच विद्यापीठावर हा भार होता. कॉलेजांत वर्ग भरगच्च, शिक्षक कामाने वाकलेले आणि कमी पगाराचे. तास म्हणजे टिपणे सांगायची, मुलांनी ती उतरवून घ्यायची, पाठ करायची आणि परीक्षेत परत करायची. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात बोलणे असे नाहीच. एवढे मोठे विद्यापीठ एकाच ठिकाणाहून चालवता येणार नाही, म्हणून ढाक्याला वेगळे, निवासी आणि शिकवणारे विद्यापीठ काढावे, अशी शिफारस झाली. ते १९२१ मध्ये सुरू झाले आणि सत्येंद्रनाथ बोस तेथे शिकवायला गेले.

आशुतोष या आयोगाचे सभासद होते. आपल्या विद्यापीठाचे हे दोष नोंदवणाऱ्या अहवालावर त्यांची सही आहे. त्यांनी इमारतीचा वरचा मजला देखणा बांधला होता. एम. ए. च्या मुलांना राधाकृष्णन आणि भांडारकर शिकवीत होते. खालच्या मजल्यावर, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या संलग्न कॉलेजांत, टिपणे उतरवणे चालूच होते. तो मजला बांधायला त्यांना वेळही मिळाला नाही आणि पैसाही मिळाला नाही.

पैशाचा प्रश्न शेवटी हातघाईवर आला. १९२१ मध्ये ते पुन्हा कुलगुरू झाले तेव्हा विद्यापीठ कर्जात होते. पदव्युत्तर विभागातील शिक्षकांचे पगार थकले होते. १९२२ मध्ये बंगाल सरकारने अडीच लाख रुपये देण्याची तयारी दाखवली. पण त्यासोबत खर्चावर आणि कारभारावर सरकारी देखरेखीच्या अटी घातल्या. पैसा दारात होता आणि घरात उपास होता. सिनेटपुढे आशुतोषांनी अत्यंत आवेशाने भाषण केले आणि सिनेटने त्या अटींवर पैसा घेण्याचे नाकारले. १९१३ साली सरकारने राजकीय संशयावरून विद्यापीठाच्या तीन व्याख्यात्यांच्या नेमणुका नामंजूर केल्या होत्या. त्यांत इतिहासकार काशीप्रसाद जयस्वाल होते. कोणी शिकवावे हे सरकार ठरवू लागले म्हणजे काय होते, हे आशुतोषांनी तेव्हाच पाहिले होते. पुढे १९२३ मध्ये गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी सरकारशी सहकार्याच्या अटीवर पुन्हा कुलगुरुपद देऊ केले. आशुतोषांनी सडेतोड पत्र लिहून ते परत केले.

हा ताठा त्यांच्या घरगुती जीवनातही होता. थोरली मुलगी कमला लहान वयात विधवा झाली. १९०८ साली त्यांनी तिचा पुनर्विवाह करून दिला. महर्षी कर्व्यांनी विधवेशी लग्न केले त्याला तेव्हा पंधरा वर्षे झाली होती, तरी कुलीन ब्राह्मण घरात हे करणे सोपे नव्हते. समाजाचा रोष त्यांनी पत्करला. कमला १९२३ मध्ये वारली. तिच्या नावाने त्यांनी विद्यापीठात व्याख्यानमालेसाठी देणगी दिली. शोक झाला तरी त्याचे या माणसाने व्याख्यानपद केले!

१९२३ च्या अखेरीस ते हायकोर्टातून निवृत्त झाले. एका मोठ्या खटल्यासाठी पाटण्याला गेले असताना २५ मे १९२४ रोजी थोड्याशा आजाराने तेथेच त्यांचे निधन झाले. साठ वर्षे पुरी व्हायला महिनाभर राहिला होता. त्यांचे शव आगगाडीने कलकत्त्याला आणले, तेव्हा स्टेशनापासून माणसांचा समुद्र लोटला होता. दहा वर्षांनी, १९३४ मध्ये, श्यामाप्रसाद त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

त्यांच्या मृत्यूला शंभर वर्षे होऊन गेली. आज महाराष्ट्रात विद्यापीठांना तोटा नाही आणि कॉलेज तालुक्याच्या गावीही आहे. माझ्यासारख्या मुलींना त्यामुळेच शिकता आले. दरवाजा उघडा राहिला, हे आशुतोषांच्या बाजूने पडलेले दान आहे. परंतु आज कितीतरी कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक दोन-दोन कॉलेजांमध्ये धावपळ करीत असतात. जागा रिकाम्या असतात. एकाच वर्गात शंभरावर मुले बसतात आणि परीक्षा जवळ आली की गाइडच्या दुकानात गर्दी होते. सॅडलरच्या तेरा खंडांत लिहिलेले पुष्कळसे आपल्याला वाचावे लागत नाही, ते दिसतेच.

आपल्या विद्यार्थ्यांच्या मागण्या काय असतात हे मी पाहिले आहे. पेपर पुढे ढकला, निकाल लवकर लावा, पुनर्मूल्यांकनाचे शुल्क कमी करा. या मागण्या रास्तच असतात, पण त्या सगळ्या परीक्षेच्या भोवती फिरतात. आम्हाला शिक्षक द्या, आणि तो पुरेशा पगाराचा, टिकणारा, प्रश्न विचारू देणारा द्या, असे निवेदन घेऊन आपण कधी कोणाच्या कचेरीत गेलो आहोत का? एका तरुणाला विद्यापीठात शिकवायला जागा मिळाली नाही, म्हणून त्याने आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे ती जागा निर्माण करण्यात घालवली. वरचा मजला त्याने बांधून दिला. खालचा मजला आपला आहे. तो बांधायचे काम शंभर वर्षे राहून गेले आहे, आणि त्याची पहिली मागणी त्या मजल्यावर बसणाऱ्यांकडूनच यायला हवी.